पदवीची वर्षे आणि हाताची विद्या

प्रवेशाच्या दिवसांत आमच्या महाविद्यालयात येणारे पालक वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाबद्दल बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘सर, किती सालांचं हाय? पोरगं कमावतं कवा हुईल?’ अभ्यासक्रमात काय शिकवतात हे ते विचारत नाहीत. माझ्या काही सहकाऱ्यांना हा प्रश्न अडाणीपणाचा वाटतो. मला तसे वाटत नाही. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. महाविद्यालयातले एकेक वर्ष घराला किती दिवसांच्या रोजंदारीने विकत घ्यावे लागते, याचा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. ते देताना दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : वर्षे कमीजास्त झाल्याने विद्यार्थ्याच्या शिकण्यात नेमका काय फरक पडतो, आणि ती वर्षे कोणाला परवडतात. आपल्याकडे पहिल्या गोष्टीची चर्चा शिक्षणतज्ज्ञ करतात आणि दुसरीची चळवळ करते. दोन्ही चर्चा एकमेकींना भेटत नाहीत.

या क्षेत्रात आज अनेक रस्ते आहेत. काही महिन्यांची वा वर्षाची प्रमाणपत्रे आहेत, दोन वर्षांपर्यंतची डीएमएलटी ही पदविका आहे, तीन वर्षांची पदवी आहे, आणि आंतरवासिता धरून चार वर्षांची पदवीही आहे. हे सारे रस्ते अखेर एकाच टेबलाशी येऊन मिळतात. तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेत रक्त देणाऱ्या बाईला समोरचा मुलगा एका वर्षाचा आहे की चार वर्षांचा, हे कळण्याची सोय नसते. तिच्या हातात पडतो तो एक कागद आणि त्यावरचा आकडा.

१

बाहेरून पाहणाऱ्याला हे काम सोपे वाटते. रक्त काढायचे, यंत्रात घालायचे, आकडा लिहायचा. प्रत्यक्षात प्रत्येक चाचणीचे तीन टप्पे असतात. नमुना घेण्यापासून तो तपासणीच्या टेबलावर येईपर्यंतचा पहिला, प्रत्यक्ष तपासणीचा दुसरा, आणि निष्कर्ष पडताळून अहवाल देण्याचा तिसरा. प्रयोगशाळांतील चुकांचा जो अभ्यास जगात ठिकठिकाणी झाला आहे, त्यात निम्म्याहून अधिक चुका पहिल्याच टप्प्यात होतात असे वारंवार दिसून आले आहे. म्हणजे यंत्र सुरू होण्याआधीच अहवाल बिघडलेला असतो.

दंडाचा पट्टा फार वेळ आवळून ठेवला, की शिरेतल्या रक्ताचे घटक बदलू लागतात. साखरेसाठी घेतलेले रक्त फ्लोराइडच्या ट्यूबमध्ये न घेता साध्या ट्यूबमध्ये तासभर पडून राहिले, तर तांबड्या पेशी त्यातली साखर खात राहतात आणि मधुमेही माणसाचा आकडा खाली येतो. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधले थोडे रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतले, तर त्यातल्या रसायनामुळे पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. जोराने सुई ओढून पेशी फोडल्या, तरी पोटॅशियम चढते. डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून उपचार करतात आणि रोगी नसलेला रोग भोगतो.

‘अहवालावर सही तर डॉक्टरांची असते, तंत्रज्ञाला इतके कळून काय करायचे?’ असे विचारणारे लोक मला भेटतात. अहवालावर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केले, हे खरे. पण सही करणारा डॉक्टर कागद पाहतो. सुई शिरेत कशी गेली, ट्यूब किती वेळ उन्हात राहिली, हे त्याने पाहिलेले नसते. ते ज्याने पाहिले, त्यालाच ते सांगता येते. आणि त्याचा अर्थ शिकवलेला असेल, तरच तो सांगतो.

२

आता वर्षांचा प्रश्न घेऊ. वर सांगितलेले सर्व नियम मी वर्गात एका तासात सांगू शकतो. विद्यार्थी ते परीक्षेत लिहूही शकतात. मग दोन-तीन वर्षे कशाला?

नियम माहीत असणे आणि तो हातात असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर पुनरावृत्तीने भरते. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की शिकलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच झपाट्याने विसरले जाते, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा तीच उजळणी अनेक दिवसांत वाटून केली तर ती अधिक टिकते. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत हा निष्कर्ष अनेकांनी पुन्हा तपासला आणि तो टिकून राहिला. लांब मुदतीचा खरा फायदा इथे आहे. पहिल्या वर्षी रक्ताची स्लाइड करायला शिकलेला विद्यार्थी दुसऱ्या वर्षी रक्तशास्त्रात तीच स्लाइड वाचतो, आणि तिसऱ्या वर्षी रुग्णालयात खऱ्या रोग्याची तीच स्लाइड त्याच्यासमोर पुन्हा येते. एकच गोष्ट तीनदा येते, दर वेळी थोडी अधिक कळून.

क्षयाच्या थुंकीची तपासणी घ्या. रंगवलेल्या स्लाइडवर निळ्या पार्श्वभूमीत तांबड्या काड्यांसारखे जंतू शोधायचे असतात. जंतू नाहीत असे लिहिण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली निदान शंभर क्षेत्रे पाहावीत असा नियम आहे. शंभर क्षेत्रांत एक ते नऊ जंतू मिळाले तर ते तितकेच्या तितके आकड्यात नोंदवायचे असतात, कारण थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये हजारोंच्या संख्येने जंतू असल्याशिवाय ते स्लाइडवर सहसा दिसतच नाहीत. नवशिक्याचा डोळा वीस-तीस क्षेत्रांत थकतो. रंगाचा खडा आणि जंतू यांत त्याला फरक करता येत नाही. हा डोळा व्याख्यानाने तयार होत नाही. शेकडो स्लाइडी पाहिल्यावर, आणि चुकलेली प्रत्येक स्लाइड कोणीतरी शेजारी बसून पुन्हा दाखवल्यावर, तो तयार होतो. बांधकामावर, खाणीत, विडीच्या कारखान्यात, ऊसतोडीच्या कोप्यांवर खोकणारी माणसे कोणाची आहेत हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. विसाव्या क्षेत्राला थांबलेल्या डोळ्याची किंमत तीच माणसे देतात.

‘आता यंत्रे आली आहेत’ हा दुसरा आक्षेप. यंत्रे आली हे चांगलेच झाले. पण डेंग्यूच्या दिवसांत काय होते ते पाहा. काही माणसांच्या रक्तात जांभळ्या ट्यूबमधल्या रसायनामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. यंत्राला त्या गुठळ्या प्लेटलेट म्हणून ओळखता येत नाहीत आणि ते आकडा खूपच कमी दाखवते. घरात रडारड सुरू होते, व्याजाने पैसे काढले जातात, रोग्याला शहरात हलवले जाते. ज्याने पुरेसा काळ स्लाइडी पाहिल्या आहेत, तो अशा वेळी एक थेंब काचेवर पसरून पाहतो. त्याला गुठळ्या दिसतात आणि तो नमुना वेगळ्या ट्यूबमध्ये पुन्हा घ्यायला सांगतो. कमी मुदतीत तयार झालेल्याला यंत्राचे बटण माहीत असते. यंत्रावर संशय केव्हा घ्यावा हे शिकायला त्याला वेळच मिळालेला नसतो.

३

मुदत कापली की अभ्यासक्रमातून पहिल्यांदा काय गळते? अनुभव असा, की ‘काय करायचे’ ते राहते आणि ‘का करायचे’ ते गळते. याची दोन उदाहरणे आपल्याच मातीतली आहेत.

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. या माणसांच्या तांबड्या पेशींची नेहमीची तपासणी केली, तर त्यांचा गट ‘ओ’ भासतो. पण त्यांना ‘ओ’ गटाचे रक्त दिले तर जिवावर बेतते, कारण त्यांच्या रक्तद्रवात ‘ओ’ पेशींच्याही विरुद्ध काम करणारे प्रतिद्रव्य असते. हे उघडकीला येते ते उलट तपासणीत, म्हणजे रोग्याचा रक्तद्रव माहीत असलेल्या पेशींशी, ‘ओ’ पेशींशीही, जुळवून पाहिल्यावर. घाईच्या शिक्षणात पेशींची तपासणी शिकवली जाते आणि उलट तपासणी ‘पुढे कधीतरी’ म्हणून राहते. शंभरात नव्व्याण्णव वेळा काही बिघडत नाही, त्यामुळे काही राहिले आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढच्या तपासण्यांत विदर्भातील आदिवासी समाजांबरोबरच पूर्वाश्रमीच्या महार समाजातही हा गुणधर्म मोठ्या प्रमाणावर आढळला. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष आहे आणि सात कोटी लोकांची तपासणी तिच्यात धरली आहे. ही तपासणी डॉक्टर करणार नाहीत, तंत्रज्ञ करणार आहेत.

विरघळण्याच्या साध्या चाचणीत सिकल हिमोग्लोबिन असले तर द्रावण गढूळ होते आणि ट्यूबमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. पण द्रावण वाहकाचेही गढूळ होते आणि रोग्याचेही. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. रोग्याला जन्मभर उपचार लागतात. त्या दोघांतला फरक इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या चाचणीनेच कळतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन शिल्लक असते, म्हणून ही चाचणी रोग असूनही ‘नाही’ म्हणू शकते. रक्त नुकतेच चढवलेल्या माणसातही ती फसू शकते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण मोकळे राहण्याची चारात एक. एवढे ज्याला शिकवलेले नाही, तो तंत्रज्ञ गढूळ ट्यूब पाहून वहीत ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहितो आणि वस्तीत एका मुलीवर शिक्का बसतो. तिचे लग्न मोडते, घराण्यात दोष आहे अशी कुजबुज सुरू होते. शतकानुशतके ज्यांच्या रक्ताला अपवित्र म्हटले गेले, त्यांच्या रक्ताचा अहवाल अर्धवट शिकलेल्या हाताने लिहावा, यासारखी क्रूर गोष्ट नाही.

४

तर मग वर्षे वाढवली की प्रश्न सुटला, असे म्हणायचे का? नाही. वर्षे आणि शिकणे यांत एक तिसरी गोष्ट आहे. ती म्हणजे विद्यार्थ्याचा हात कामावर असण्याचे तास.

२०२१ सालच्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने हे निदान कागदावर तरी ओळखले आहे. त्याने संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणासाठी किमान दोन हजार तास, दोन ते चार वर्षांत विभागलेले, अशी अट घातली. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान तीन हजार सहाशे तास, तीन ते सहा वर्षांत, अशी अट आहे. म्हणजे कायदा वर्षे आणि तास दोन्ही मोजतो. पण ते तास कशाचे, हे वर्गात गेल्यावरच कळते. एका सूक्ष्मदर्शकामागे दहा विद्यार्थी उभे असतील, तर दोन तासांच्या प्रात्यक्षिकात एकाच्या वाट्याला बारा मिनिटे येतात. मुदत संपलेली रसायने, बाहेर रुग्णालय नाही म्हणून नमुने नाहीत, आणि वर्षाअखेरीस मागच्या तुकडीच्या वहीवरून उतरवलेली प्रात्यक्षिकाची वही, असे तीन वर्षांचे शिक्षणही मी पाहिले आहे. अशा पदवीपेक्षा चालत्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, चांगल्या माणसाच्या हाताखाली काढलेली दोन वर्षे अधिक शिकवतात. विनाअनुदानित संस्थांना मात्र वर्ष वाढले की फी वाढते, एवढाच अर्थ कळतो.

तरीही माझा अनुभव असा आहे, की मुदत कमी झाल्याचा फटका सर्व विद्यार्थ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्या शाळेत प्रयोगशाळा होती, ज्याच्या घरात इंग्रजी वाचले जाते, तो पहिल्या महिन्यापासून विषय शिकू लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आणि आश्रमशाळेतून आलेल्या आमच्या मुलामुलींचे पहिले वर्ष भाषा ओळखण्यात, काचेच्या वस्तूंची भीती घालवण्यात आणि ‘मला समजले नाही’ असे शिक्षकांसमोर म्हणण्याचे धैर्य गोळा करण्यात जाते. ही मुले मंद नसतात. दुसऱ्या वर्षी ती बरोबरीला येतात, तिसऱ्या वर्षी त्यांतली कितीतरी पुढे जातात. पण अभ्यासक्रमच एक-दीड वर्षाचा असेल, तर ती बरोबरीला येण्याच्या क्षणी परीक्षा होते. मग निकाल पाहून म्हणतात, ‘यांची कुवतच नाही.’

५

म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला वेळ अधिक हवा, आणि वेळ विकत घेण्याची ऐपत त्याच्याकडेच सर्वांत कमी. खरा पेच हा आहे आणि तो नवा नाही. बाबासाहेबांना १९१७ साली लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले, ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्या बळावर १९२० साली ते परत गेले. त्यानंतर १९२१ला एम.एस्सी. आणि १९२३ला डी.एस्सी. झाली. त्यांच्यासारख्या बुद्धिमत्तेलाही मुदतीने तीन वर्षे दाराबाहेर उभे केले. मग कोपीवर वाढलेल्या पोराची काय कथा!

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४पासून आहे. तिच्यामुळे माझ्यासारखे हजारो जण वर्गात बसू शकले. पण शिष्यवृत्ती वर्ष उलटल्यावर हातात पडते आणि मेसचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. आंतरवासितेत तर दिवसभर काम असते आणि अनेक ठिकाणी एक रुपया विद्यावेतन मिळत नाही. शेवटचे वर्ष म्हणजे फुकटच्या मजुरीचे वर्ष होते. याच वर्षी मुली गळतात, कारण घरचे म्हणतात, ‘तीन सालं शिकली, बास झालं.’

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने यावर वेगळा उपाय काढला. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. ऐकायला हे सोयीचे आहे. पण प्रत्येक वर्षाच्या शेवटी दार उघडे ठेवले, तर त्या दारातून कोण बाहेर पडेल? ज्याला परवडते तो आत राहील. गरिबीने बाहेर ढकलला गेलेला विद्यार्थी मात्र नोंदीत ‘स्वेच्छेने बाहेर पडलेला’ ठरेल. मग प्रयोगशाळेत उतरंड तयार होईल : नमुने वाहणारा आणि काचा धुणारा, सुई टोचणारा, यंत्र चालवणारा, निष्कर्ष पडताळणारा. कोणत्या पायरीवर कोण उभा असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मलमूत्राच्या डब्या उचलणारे हात आजही बहुतेक ठिकाणी आपलेच आहेत.

६

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ‘लहान अभ्यासक्रम द्या’ अशी मागणी करू नये, असे मला वाटते. लवकर नोकरी लागेल या आशेने ती केली जाते, पण ती आपल्या मुलांना खालच्या पायरीवर कायमचे बसवते. त्याऐवजी मागायचे ते असे. पूर्ण मुदतीचे शिक्षण, आणि त्या पूर्ण मुदतीचा खर्च शिष्यवृत्तीतून दरमहा. आंतरवासितेला विद्यावेतन. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातून किती शिरा टोचल्या गेल्या, किती स्लाइडी रंगवल्या आणि वाचल्या गेल्या, याची त्याच्या नावाची खरी नोंद, आणि तिची तपासणी. पदविका घेऊन कामाला लागलेल्याला त्याचे तास आणि अनुभव जमेस धरून पदवीच्या पुढच्या वर्षात थेट प्रवेश. खाजगी प्रयोगशाळांत दहा-दहा वर्षे काम करून हात तयार झालेली पण कागद नसलेली आपली कितीतरी माणसे आहेत. त्यांची परीक्षा घ्या आणि उणीव असेल तेवढी शिकवा. पहिल्या वर्षी मराठीतून समजावणे ही मेहरबानी मानू नका. तो अध्यापनाचा भाग आहे.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगायचे आहे : महाविद्यालय निवडताना ‘किती वर्षे’ हे जरूर विचारा. पण त्याच दमात विचारा, रुग्णालय जोडलेले आहे का, सूक्ष्मदर्शक किती आहेत, रोज किती नमुने येतात, आंतरवासिता कुठे आहे. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर पुढे जा. आणि आईवडिलांना सांगा, की मधेच सुटलेल्या वर्षाची किंमत आपल्याच वस्तीतला कोणीतरी रोगी देतो.